‘शेवटी इन्स्टॉल रूटनेच करायचं, मग बिल्डला कसलं सोवळं?’ – या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लिनक्सवर प्रोग्रॅमचं पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायचा तयार गठ्ठा, सोर्स कोडपासून बांधताना (बिल्ड करताना) रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, होऊ नये असं मी ‘पॅकेज रूट होऊन बांधू नका’ या लेखात म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पॅकेज शेवटी रूटच इन्स्टॉल करणार, त्यामुळे बिल्डच्या वेळचं सोवळं हे निव्वळ नाटक. एकट्याच्या मशीनवर मौल्यवान असतं ते होम डिरेक्टरीत, आणि तिथवर साध्या युजरचाही हात पोचतो. फेकरूट (रूट असल्याचा आभास देणारं साधन) म्हणजे तर नावातच धूळफेक. आणि तुम्ही स्वतः डॉकरच्या कंटेनरमध्ये (मुख्य सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात) रूट होऊन पॅकेजं बांधता, आजवर काही बिघडलेलं नाही.

होम डिरेक्टरीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो बिनतोड आहे आणि लेखात मी तो नीट मांडला नव्हता. अपघात आणि घातपात मी एकाच माळेत ओवले. रूटचा अधिकार काढून घेतला की अपघात टळतात. घातपात टळत नाही. एसएसएचची (दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याच्या सोयीची) खाजगी किल्ली वाचायला रूट लागत नाही, ब्राउझरचं प्रोफाइल उचलायला लागत नाही, बॅशआरसीत (शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलीत) एक ओळ घुसवून तुमच्या पुढच्या सुडोची (रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची) वाट बघत बसायलाही लागत नाही. त्यासाठी निराळी तजवीज करावी लागते, तिच्याकडे येतोच. पण त्यावरून ‘रूटने बांधलं काय आणि न बांधलं काय, सारखंच’ असा निष्कर्ष निघत नाही. घातपात क्वचित होतो, अपघात रोजचे असतात.

सगळ्यात नेहमीचा अपघात डेस्टडिरचा. पॅकेज बांधताना ‘मेक इन्स्टॉल’ने (तयार फाइली जागेवर ठेवणाऱ्या आज्ञेने) खऱ्या सिस्टिमला हात लावायचा नसतो. डेस्टडिर या व्हेरिएबलने दाखवलेल्या एका रिकाम्या डिरेक्टरीत सगळ्या फाइली उतरवायच्या आणि तिथून पॅकेज भरायचं. आरपीएममध्ये (फेडोरा वगैरेंची पॅकेज पद्धत) हिला बिल्डरूट म्हणतात, आर्च लिनक्सच्या मेकपीकेजी या पॅकेज बांधणाऱ्या साधनात पीकेजीडिर. आता समजा, मेकफाइलमध्ये (बिल्डच्या आज्ञांची फाइल) सगळीकडे डेस्टडिर नीट लावलाय आणि फक्त सिस्टिमडीची युनिट फाइल (सर्व्हिस कशी सुरू करायची ते सांगणारी) ठेवण्याच्या ओळीत तो राहिलाय. साध्या युजरने बिल्ड चालवला तर नेमक्या त्या ओळीवर ‘परमिशन डिनाइड’ येतं आणि काम थांबतं. रूटने चालवला तर काहीच येत नाही. युनिट फाइल चालू सिस्टिमच्या डिरेक्टरीत जाऊन बसते आणि पॅकेजमध्ये तिचा पत्ताच नसतो. स्पेकच्या (आरपीएम बांधण्याच्या कृतीची फाइल) फाइल्स विभागात तिचं नाव स्पष्ट लिहिलं असेल तर आरपीएम निदान ‘फाइल सापडली नाही’ म्हणून ओरडतं. तिथे नुसता तारा (*, म्हणजे ‘जे असेल ते’) टाकलेला असेल तर तेही नाही.

यातली खरी गोम अशी की बांधणाऱ्याच्या मशीनवर सगळं चालतं. फाइल तिथे आहेच, चुकीच्या वाटेने आलेली का असेना. दुसऱ्याने पॅकेज घेतलं की सर्व्हिस सुरू होत नाही, आणि ‘माझ्याकडे तर चालतंय’चा घोळ सुरू होतो. त्या फाइलला कुठलंच पॅकेज आपली म्हणत नसल्यामुळे काढून टाकतानाही ती मागे राहते. पुढच्या आवृत्तीत कुणी मेकफाइल दुरुस्त केली तर पॅकमन (आर्चचा पॅकेज मॅनेजर) ‘ही फाइल आधीच सिस्टिमवर आहे’ म्हणून इन्स्टॉल नाकारतो, आणि तोवर मूळ कारण सगळे विसरलेले असतात. म्हणून ‘परमिशन डिनाइड’ला अडथळा समजू नका. ती फुकटात मिळालेली चाचणी आहे, आणि रूट होऊन आपण तीच बंद करतो.

(ही चूक दिसल्यावर बरेच जण डेस्टडिर सोडून प्रीफिक्सलाच तात्पुरत्या डिरेक्टरीचा रस्ता देतात. तसं करू नका. प्रीफिक्स, म्हणजे प्रोग्रॅम शेवटी जिथे बसणार तो रस्ता, हा प्रोग्रॅमच्या आत कोरला जातो. तो मग कॉन्फिगरेशन आणि लायब्ररी तुमच्या होममधल्या बिल्ड डिरेक्टरीतच शोधत राहतो. बिल्डरूटचा रस्ता असा आत शिरलेला दिसला तर आरपीएमची शेवटची तपासणी बिल्ड थांबवते. ती बंद करण्याचे उपाय शोधलेत तर सापडतील, पण दुखणं तसंच राहील.)

टारबॉल, म्हणजे सोर्सच्या फाइलींचं एकत्र गाठोडं, उघडण्यातही फरक पडतो, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. साध्या युजरने टार उघडला की फाइली त्याच्या मालकीच्या होतात. रूटने उघडला की टार आपोआप आत नोंदलेली मालकी आणि परवानग्या जशाच्या तशा लावतो. टारबॉल बनवणाऱ्याचा युजर क्रमांक १००० असेल आणि त्या नावाचा युजर तुमच्याकडे नसेल तर त्या फाइली तुमच्या मशीनवरच्या १००० क्रमांकाच्या माणसाच्या होतात, तो कुणीही असो. सेटयूआयडी बिटही (कुणीही चालवलं तरी प्रोग्रॅम मालकाच्या अधिकाराने चालतो ती खूण) टिकतो. रूटने उघडणं अटळच असेल तर ‘नो-सेम-ओनर’ आणि ‘नो-सेम-परमिशन्स’ हे पर्याय द्या.

तिसरी गोष्ट चाचण्यांची. परवानगी नसलेली फाइल उघडताना प्रोग्रॅम नीट चूक दाखवतो का, ही चाचणी रूटखाली निरर्थक ठरते, कारण ००० परवानगीची फाइलसुद्धा रूट बिनदिक्कत वाचतो. अशा चाचण्या एकतर नापास होतात किंवा गुपचूप वगळल्या जातात. ग्नूच्या टार आणि कोअरयूटिल्सची (मूलभूत आज्ञांचा संच) कॉन्फिगर स्क्रिप्ट (बिल्डआधी सिस्टिम तपासणारी) तर रूट दिसला की चालायलाच नकार देते. पुढे जायचं तर ‘फोर्स अनसेफ कॉन्फिगर’ असं नाव असलेलं व्हेरिएबल १ करावं लागतं. नाव पुरेसं बोलकं आहे. मेकपीकेजीतला रूट म्हणून चालवण्याचा पर्याय तर २०१४च्या शेवटी आलेल्या पॅकमन ४.२ पासून काढूनच टाकलाय.

आता तुमचा पहिला आक्षेप. इन्स्टॉल रूटच करतो, बरोबर. पण इन्स्टॉलच्या वेळी रूटच्या हातून काय घडतं? फाइलींची एक ठरलेली यादी जागेवर ठेवली जाते आणि मोजक्या ओळींच्या एक-दोन स्क्रिप्ट चालतात. हे सगळं आधी वाचता येतं. बिल्डमध्ये चालते ती हजारो ओळींची कॉन्फिगर स्क्रिप्ट, मेकफाइली, कोड तयार करणारे छोटे प्रोग्रॅम, चाचण्या. ते कुणी ओळन्‌ओळ वाचत नाही. तेव्हा रूटला या दोहोंपैकी कशाजवळ जाऊ द्यायचं, एवढाच प्रश्न आहे.

इन्स्टॉलपूर्वीची तपासणी मात्र खरोखर करा, नाहीतर तुमचा ‘नाटक’ हा शब्द खरा ठरेल. आरपीएमला क्यू, पी, एल, व्ही हे पर्याय दिले की मालकी-परवानग्यांसकट यादी मिळते. क्यू, पी यांच्याबरोबर ‘स्क्रिप्ट्स’ आणि ‘ट्रिगर्स’ दिलं की रूट म्हणून चालणारा मजकूर दिसतो. डेबियनमध्ये (लिनक्सची आणखी एक जात) डीपीकेजी-डेब या पॅकेज साधनाला लहान सी दिला की यादी, मोठा आय देऊन फाइलनंतर ‘पोस्टइन्स्ट’ लिहिलं की ती इन्स्टॉलनंतर चालणारी स्क्रिप्ट. आर्चच्या पॅकेजमध्ये हीच गोष्ट ‘डॉट इन्स्टॉल’ नावाच्या फाइलीत असते. यादीत तीन गोष्टींवर नजर ठेवा: परवानगीत कुठे ‘एस’ (सेटयूआयडीसारखी खूण) आहे का, मालक रूटखेरीज कुणी आहे का, आणि अपेक्षेबाहेरच्या डिरेक्टरीत काही पडतंय का.

इथे एक सापळा आहे. स्पेक फाइल नुसती ‘वाचणं’ हेसुद्धा कोड चालवणं असतं. टक्का आणि कंसात लिहिलेली शेल आज्ञा फाइल पार्स होताना (वाचून उलगडली जाताना) लगेच चालते; त्यासाठी बिल्ड सुरू व्हावा लागत नाही, आरपीएमस्पेक या साधनाने साधी चौकशी केली तरी पुरे. म्हणजे बिल्डला लागणारी पॅकेजं आणण्यासाठी तुम्ही सुडो लावून ‘डीएनएफ बिल्डडेप’ला (फेडोराच्या पॅकेज मॅनेजरची आज्ञा) स्पेक फाइल दिलीत, तर अनोळखी माणसाच्या आज्ञा तुम्ही रूट म्हणून चालवल्या, आणि तेही ‘मी तर युजर म्हणून बांधतो’ अशा समजुतीत. वाट अशी: आधी साध्या युजरने, शक्य तर सँडबॉक्समध्ये (बंदिस्त जागेत), ‘आरपीएमबिल्ड -बीएस’ चालवून सोर्स आरपीएम बनवा आणि बिल्डडेपला ती द्या. तिच्यात गरजांची यादी आधीच उतरलेली असते, पार्सिंग होत नाही. डेबियनमध्ये हा धोका नाही, कारण ‘एपीटी बिल्ड-डेप’ फक्त कंट्रोल फाइल वाचतं आणि तिच्यात चालण्यासारखं काही नसतं. आर्चची पीकेजीबिल्ड (पॅकेजची कृती लिहिलेली फाइल) ही मात्र सरळसरळ बॅश स्क्रिप्ट आहे. तिच्यातून नुसती माहिती काढायची तरी ती चालवावी लागते.

आता फेकरूट. ‘धूळफेक’ म्हणालात ते बरोबरच आहे, फक्त ती कुणाच्या डोळ्यांत फेकलीय ते बघा. पॅकेजच्या आत फाइलींचा मालक रूट लिहिलेला हवा, आणि डिस्कवर तर त्या तुमच्या आहेत. फेकरूट एलडी-प्रीलोडच्या मार्गाने (प्रोग्रॅमआधी दुसरी लायब्ररी चढवण्याच्या सोयीने) आपली लायब्ररी पुढे घुसवतं आणि मालकी बदलण्याच्या हाका मध्येच अडवतं. ‘चओन रूट:मेल’ (मालक रूट, गट मेल कर) केलं की यशस्वी झालं असं सांगतं, डिस्कवर काही बदलत नाही, आणि फेक्ड नावाच्या सोबतच्या प्रोसेसमध्ये तेवढी नोंद करतं. नंतर टारने ‘ही फाइल कुणाची?’ विचारलं की त्या वहीतून उत्तर मिळतं. फेकरूट अधिकार देत नाही, हिशेब ठेवतं. /यूएसआरमध्ये लिहायला गेलात तर नकारच मिळेल, आणि डेस्टडिरची ती चाचणी शाबूत राहील.

मर्यादा आहेत. वही फेक्ड प्रोसेसबरोबर संपते. म्हणून एका आज्ञेत ‘फेकरूट मेक इन्स्टॉल’ आणि दुसरीत ‘फेकरूट डीपीकेजी-डेब’ असं वेगवेगळं चालवलं तर पहिल्यात बदललेली मालकी दुसरीला माहीतच नसते. एकतर दोन्ही एकाच फेकरूट शेलमध्ये करा, नाहीतर ‘-एस’ने नोंदी फाइलीत ठेवून पुढच्या वेळी ‘-आय’ने वाचा. दुसरं, प्रीलोडची युक्ती डायनॅमिक लिंकरवर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) अवलंबून आहे. स्टॅटिक (लायब्ररी आतच असलेल्या) प्रोग्रॅमवर ती चालत नाही, आणि गो भाषेतले प्रोग्रॅम कर्नलशी थेट बोलतात म्हणून त्यांच्यावरही नाही. तिथे मालक पुन्हा तुमचाच युजर दिसतो.

आणि हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण टीकाच करायची तर साध्या युजरच्या बिल्डवर सगळ्यात जोरकस टीका हीच आहे: फेकरूट किंवा तत्सम काही न वापरता हाताने डेब (डेबियनचं पॅकेज) बांधलं तर आतल्या फाइलींचा मालक युजर १००० नोंदला जातो. असं पॅकेज इन्स्टॉल केलं की /यूएसआर/बिनमधली फाइल त्या मशीनवरच्या १००० क्रमांकाच्या युजरला हवी तशी बदलता येते, आणि ती रूटने चालवली की तो युजरच रूट झाला. म्हणून वर यादीतला मालक बघा म्हटलं. डीपीकेजी-डेबला ‘रूट-ओनर-ग्रुप’ हा पर्याय दिला की प्रश्न मिटतो. साध्या टारसाठी ‘ओनर’ आणि ‘ग्रुप’ला ० द्या.

डेबियनने फेकरूटची गरजच बरीचशी संपवलीय. कंट्रोल फाइलमधल्या ‘रूल्स-रिक्वायर्स-रूट’ला ‘नो’ दिलं की बिल्ड फेकरूटशिवाय चालतो आणि मालकी पॅकिंगच्या वेळी रूटची लिहिली जाते. हे डीपीकेजी १.१९ पासून आहे. डेबियन १३ मधली डीपीकेजी तर काही न लिहिल्यास ‘नो’च धरते. अशा वेळी जुन्या मेकफाइलमध्ये इन्स्टॉल आज्ञेला ‘-ओ रूट -जी रूट’ लावलेलं असलं की ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं. ते दोन पर्याय काढून टाका, त्यांची गरज नसते. आरपीएममध्ये तर मालकी फाइल्स विभागातूनच ठरते. मेल गटाची सेटजीआयडी (गटाच्या अधिकाराने चालणारी) फाइल हवी तर तिथे ‘अ‍ॅट्र’ लिहून २७५५, रूट, मेल द्या. फाइल कपॅबिलिटी (रूटच्या अधिकाराचा एखादा तुकडा) हवी तर ‘कॅप्स’. ती लावणारी सेटकॅप ही आज्ञा बिल्डमध्ये चालवायला जाऊ नका. डेबियनमध्ये ती पोस्टइन्स्टमध्ये जाते.

आता घातपात. २०२४च्या मार्चमध्ये अँड्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या (कॉम्प्रेस करणाऱ्या) प्रोग्रॅममधली मागची वाट (बॅकडोर) उघडकीला आणली, ते उदाहरण दोघांनाही उपयोगी आहे. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये बिल्डसाठीची एक एम४ फाइल बदललेली होती. ती गिटमध्ये (सोर्सच्या मूळ साठ्यात) त्या रूपात नव्हती. बिल्ड चालू असताना चाचण्यांच्या फाइलींत दडवलेला कोड बाहेर काढून लायब्ररीत मिसळला जायचा, आणि तोही डेब किंवा आरपीएम बांधलं जातंय असं दिसलं तरच. यातल्या कशालाच रूट लागलं नाही. तयार झालेलं पॅकेज यादीत आणि स्क्रिप्टमध्ये निर्दोष दिसलं असतं. तेव्हा बिल्डच्या वेळी रूट नसण्याने किंवा सँडबॉक्सने असा कोड पॅकेजमध्ये शिरायचा थांबत नाही. सोर्स कुठून आला आणि तो गिटशी जुळतो का, हाच तिथला प्रश्न. सँडबॉक्स वाचवतो ते तुमच्या किल्ल्या.

त्याचा सोपा प्रकार म्हणजे बिल्डसाठी वेगळा युजर. त्याला सुडो नको, आणि तुमच्या होमची परवानगी ७०० हवी. जुन्या इन्स्टॉलेशनवर ती ७५५ असण्याची शक्यता दाट, म्हणून आधी बघून घ्या. याहून चांगलं बबलरॅप, हे सँडबॉक्सचं साधन. त्यात ‘अनशेअर-ऑल’ दिलं की नेटवर्कसुद्धा तुटतं. /यूएसआर फक्त वाचण्यापुरतं जोडा, /टीएमपी आणि /होमवर टीएमपीएफएस (मेमरीतली रिकामी फाइलसिस्टिम), /प्रॉक आणि /डेव्ह त्याच्याच पर्यायांनी, लिहिण्याजोगी फक्त बिल्ड डिरेक्टरी. ‘क्लिअरएन्व्ह’ने एन्व्हायर्नमेंट पुसा, नाहीतर त्यातली टोकन आत पोचतात, मग पाथ आणि होम पुन्हा द्या. ‘न्यू-सेशन’ विसरू नका. ते नसेल तर आतला प्रोग्रॅम तुमच्या टर्मिनलमध्ये अक्षरं ढकलू शकतो, जणू तुम्हीच टाइप केलीत.

पहिल्या प्रयत्नात बहुतेक ‘नो सच फाइल’ येईल, तेही डोळ्यांसमोर असलेल्या शेलबद्दल. शेल सापडत नाही असा त्याचा अर्थ नसतो, त्याचा लिंकर सापडत नसतो: /लिब६४ची सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारी खूण) करायची राहिलेली असते. /बिन आणि /लिबचंही तेच. डेबियनवर यानंतर ‘सीसी’ (कंपायलर) हरवतो, कारण ती लिंक /ईटीसी/ऑल्टरनेटिव्ह्जमधून जाते. ती डिरेक्टरीही वाचण्यापुरती जोडा.

नेटवर्क तोडल्यावर कार्गो आणि एनपीएम (रस्ट आणि जावास्क्रिप्टच्या लायब्ररी नेटवरून आणणारी साधनं) रडारड करतात. सोर्स आधी उतरवा, चेकसम आणि सही जुळवा, गरजेच्या लायब्ररी ‘कार्गो व्हेंडर’सारख्या आज्ञेने सोबत घ्या, मग आत ‘ऑफलाइन’ बांधा. यात वेळ जातो, पण बिल्ड कशावर अवलंबून आहे ते एकदाचं कळतं.

आणि तुमचं डॉकर. नेहमीच्या डॉकरमध्ये, युजर नेमस्पेसची (आतले आणि बाहेरचे युजर क्रमांक वेगळे ठेवणारी) सोय मुद्दाम चालू केल्याखेरीज, कंटेनरातला रूट हा यजमान मशीनचाही युजर ०च असतो. कपॅबिलिटी कमी केलेल्या असतात, पण तुम्ही सोर्सची डिरेक्टरी बाहेरून जोडत असाल तर तिच्यात तो रूटच्या मालकीची सेटयूआयडी फाइलही ठेवू शकतो. शिवाय डॉकर गटात असणं म्हणजे व्यवहारात पासवर्डविना रूट असणं. /ची आख्खी फाइलसिस्टिम जोडून कंटेनर सुरू करायला काही आडकाठी नाही. मॉक या आरपीएम बांधणाऱ्या साधनाच्या गटाचंही हेच. आणि डेस्टडिरचा घोटाळा कंटेनरात रूट असताना जसाच्या तसा घडतो, उलट जास्त लपतो: चुकीच्या जागी पडलेली फाइल कंटेनरबरोबर पुसली जाते आणि पॅकेज अपुरं राहिल्याचा पुरावाही उरत नाही. ‘काही बिघडलं नाही’ यातला काही भाग कदाचित एवढाच असेल.

कंटेनर सोडा असं म्हणत नाही. पॉडमन (डॉकरसारखंच साधन) साध्या युजरने चालवा. आतला रूट म्हणजे बाहेर तुम्हीच असता, आणि बाकीचे युजर /ईटीसी/सबयूआयडीमध्ये तुमच्या नावे दिलेल्या, बहुधा ६५५३६ क्रमांकांच्या पट्ट्यातून येतात. ती ओळ नसेल तर ‘चओन’ला ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ मिळतं. डेबियनवर एसबिल्ड या बिल्डच्या साधनाला ‘अनशेअर’ मोड आहे, तोही याच तत्त्वावर. उबंटू २४.०४वर मात्र साध्या युजरच्या नेमस्पेसला अ‍ॅपआर्मर ही सुरक्षेची सोय आवळते. तिथे बबलरॅप अडलं तर कर्नलची ती आख्खी सेटिंग (सिससीटीएल) बंद करण्याऐवजी त्या एका प्रोग्रॅमला प्रोफाइल द्या.

डॉकरच ठेवायचं असेल तर निदान आत एक साधा युजर बनवून बिल्ड त्याच्याकडून करवा. तसं केल्यावर फेकरूट काही न बोलता मिनिटामागून मिनिटं अडकून बसलं तर घाबरू नका: कंटेनरमध्ये उघड्या फाइलींची मर्यादा कधीकधी शंभर कोटींच्या वर असते, आणि फेकरूटच्या जुन्या आवृत्त्या सुरुवातीला त्यातला एकेक क्रमांक बंद करत बसतात. बिल्डआधी ‘यूलिमिट -एन १०२४’ द्या, लगेच चालेल.